लोलकानंतरचा धडा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर एक दगडी बांध आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली तो बांधला गेला. बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. नदीला भरपूर पाणी आले की ते बांधावरून दोन ठिकाणी धो धो कोसळते. लोक या धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. त्या दिवसांत सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्या इथे वळतात, शाळांच्या सहली येतात, आणि सहलीतला एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, हे धबधबे दर वर्षी वाहतात का?"

दर वर्षी वाहत नाहीत. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. पाऊस कमी झाला आहे, की पाऊस तेवढाच असून त्याची पडण्याची रीत बदलली आहे? चार महिन्यांचा पाऊस पंधरा दिवसांत पडून गेला तर वर्षाची बेरीज तीच राहील, पण नदी, विहीर आणि सोयाबीन यांच्या वाट्याला वेगळेच काही येईल.

हा प्रश्न शाळेच्या प्रकल्पाला पुरतो, तसाच पदव्युत्तर प्रबंधालाही पुरतो. नोंदीही आहेत. नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातले महसूल मंडळ आहे आणि पावसाचे आकडे मंडळवार ठेवले जातात. भारतीय हवामान विभागाने तर देशाचे पाव अंशाचे चौकोन पाडून १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचे आकडे उपलब्ध करून दिले आहेत. पाव अंश म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस होतात. पन्नास वर्षे धरली तर एका चौकोनाचे ६,१०० आकडे झाले. हे काम वहीवर एकदा करता येईल. पण चूक सापडली म्हणून पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आली तर कोणाचा धीर टिकेल? संशोधनात मात्र तेच गणित दहा वेळा करावे लागते. म्हणून संगणक हवा, आणि संगणकाला काय करायचे ते सांगणारी भाषा हवी.

आज संशोधनासाठी पहिल्यांदा सुचवली जाते ती भाषा म्हणजे पायथन. नेदरलंड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नावाचा संबंध अजगराशी नाही. 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी नटमंडळींवरून ते घेतले आहे. भाषा फुकट मिळते, तिच्या आज्ञा वाचायला सोप्या आहेत, आणि गणित, आलेख, आकडेवारी यांसाठी तयार साधनांचा मोठा साठा तिच्याबरोबर मिळतो. प्रश्न एवढाच, की इंग्रजीची भीड असलेल्या आमच्या भागातल्या विद्यार्थ्याने ती कशातून शिकावी?

मराठीतले पाठ

याचे एक चांगले उत्तर पवईच्या आयआयटी मुंबईतून आले आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तिथे 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. पायथनचे पाठ तयार करण्यात तिथल्याच 'फॉसी' या प्रकल्पाचा मोठा वाटा आहे. फॉसीमध्ये विमानविद्येचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी पायथनचे काम पुढे नेले. संशोधकांसाठी त्रिमिती चित्रे काढणारे 'मायावी' हे साधन त्यांनीच पायथनमध्ये लिहिले आहे. दोन्ही प्रकल्पांना केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मोहिमेतून पैसा मिळाला.

पद्धत अशी : प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर कोणीतरी प्रत्यक्ष काम करताना दिसते आणि आवाज ते काम समजावून सांगतो. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो, आवाज मात्र मराठीत ऐकता येतो. शिकणाऱ्याने पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्या भागात तेच स्वतः करायचे, अडले की थांबवायचे. इंटरनेट नसले तरी पाठ आधी उतरवून ठेवून चालवता येतात. वीज आणि इंटरनेट या दोहोंचा भरवसा नसलेल्या गावात या सोयीचे मोल फार आहे.

आम्ही काही शिक्षक आणि पदवीचे विद्यार्थी ही मालिका मुद्दाम एका हेतूने पाहत गेलो : ती पाहून झाल्यावर नळदुर्गच्या पावसाचा प्रश्न हाती घेता येईल का? हा लेख त्या अनुभवाचा आढावा आहे.

आधी गुण सांगू, कारण ते खरे आहेत. मालिकेची सुरुवातच आलेख काढण्यापासून होते. प्रोग्रॅमिंगच्या पुष्कळ पुस्तकांत पहिली शंभर पाने व्याकरणात जातात. इथे विद्यार्थ्याला थोड्याच वेळात साइनचा वक्र पडद्यावर दिसतो. पुढे लोलकाचा प्रयोग येतो. एका फाइलीत लोलकाची लांबी आणि दोलनकाल यांचे आकडे दिले आहेत. ते वाचायचे, दोलनकालाचा वर्ग करायचा, लांबीशी आलेख काढायचा आणि बिंदूंतून जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा बसवायची. दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतला तर त्या रेषेचा चढ सुमारे ४.०३ यायला हवा, कारण तो ४ पाय वर्ग भागिले ९.८ इतका असतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रयोग पाठ आहे. त्यामुळे त्याचे सगळे लक्ष नव्या साधनाकडे राहते. हा निवड करणाऱ्याचा शहाणपणा आहे.

त्यानंतर याद्या, फाइली, परीक्षेच्या गुणांची मोठी फाइल ओळ-ओळ फोडणे, फंक्शन लिहिणे असे विषय येतात. शेवटी प्रोग्रॅमची परीक्षा कशी घ्यावी यावरही पाठ आहे. दोन संख्यांचा मसावि काढणारे फंक्शन लिहायचे आणि ते बरोबर चालते का हे ज्ञात उत्तरावर तपासायचे. ४८ आणि ६४ यांचा मसावि १६ हे आपल्याला माहीत आहे. फंक्शनने १६ सांगितले नाही तर फंक्शन चुकले. हा पाठ मालिकेत आहे याचे आम्हाला विशेष समाधान वाटले.

लोलकाची फाइल आणि पावसाची वही

आता अडचण कुठे येते ते पाहू. लोलकाच्या फाइलीत प्रत्येक ओळीत दोन आकडे आहेत. फाइल वाचण्याची आज्ञा दिली की आकडे मुकाट्याने आत येतात. पावसाची वही अशी नसते. तिच्यात कुठे जागा कोरी असते, कुठे आडवी रेघ, कुठे शून्य, तर कुठे 'निरंक' हा सरकारी शब्द. निरंक म्हणजे पाऊस पडला नाही. पण रेघ म्हणजे काय? पाऊस नव्हता, की नोंदच झाली नाही? हवामान विभागाच्या चौकोनांच्या फाइलीत जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ असतो. पाऊस उणे असू शकत नाही, म्हणून ही खूण निवडलेली आहे.

लोलकासाठी शिकवलेली 'लोडटेक्स्ट' ही आज्ञा आकड्याच्या जागी शब्द दिसला की काम थांबवते आणि पडद्यावर इंग्रजीतली दहा-बारा ओळींची तक्रार उमटते. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून ती वाचू लागतो आणि घाबरतो. खरे तर ती शेवटच्या ओळीपासून वाचायची असते, कारण चुकीचा प्रकार तिथे लिहिलेला असतो. आमच्या मते मराठी आवाजाची सर्वांत जास्त गरज याच ठिकाणी आहे. तयार पाठात मात्र सगळे नीट चालते, तक्रार क्वचितच उमटते. आवाज मूळ इंग्रजी निवेदनाचा अनुवाद असल्याने जे तिथे सांगितले नाही ते मराठीतही येत नाही.

प्रोग्रॅम थांबला तर निदान चूक झाल्याचे कळते तरी. त्याहून मोठा धोका थांबत नाही तेव्हा असतो.

तीन सरासऱ्या

उदाहरण घेऊ. समजा दहा दिवसांच्या पावसाच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा आहेत : ०, ४, १२, नोंद नाही, ३१, ०, नोंद नाही, ३, १, ९. रोजची सरासरी किती?

आकड्यांची बेरीज ६० आहे. कोणी कोऱ्या जागी शून्य भरले तर ६० भागिले १०, सरासरी ६. कोणी त्या दोन जागा सोडून दिल्या तर ६० भागिले ८, सरासरी ७.५. कोणी उणे ९९९ तसेच राहू दिले तर सरासरी उणे १९३.८. हे तिसरे उत्तर हास्यास्पद आहे, म्हणून ते निरुपद्रवी. ते कोणी छापणार नाही. पहिली दोन उत्तरे मात्र दोन्ही सभ्य दिसतात.

इथे साधनांच्याही सवयी वेगवेगळ्या आहेत. पायथनमध्ये आकडेमोडीसाठी 'नमपाय' आणि तक्त्यांसाठी 'पांडाज' ही दोन साधने वापरतात. कोरी जागा दोन्हींत 'नॅन' या खुणेने, म्हणजे 'हा आकडा नाही' अशा अर्थाने ठेवता येते. नमपायला नेहमीच्या पद्धतीने सरासरी विचारली तर ते 'नॅन' हेच उत्तर देते, म्हणजे हात वर करते. पांडाज त्या जागा आपल्या मनाने वगळते आणि ७.५ सांगून मोकळे होते. दोन्ही सवयींना कारणे आहेत. पण ज्याला त्या माहीत नाहीत तो ७.५ हे उत्तर निर्धास्तपणे प्रबंधात लिहील.

मग बरोबर उत्तर कोणते? वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक जण ७.५ म्हणतात. पण थोडे थांबा. पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला मोजून ओतून टाकायचे असते. समजा मोजणारा एक दिवस आला नाही. भांडे तसेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले गेले. म्हणजे ३१ हा आकडा दोन दिवसांचा आहे, आणि ३ हाही. तसे असेल तर दहा दिवसांत एकूण ६० मिलिमीटर पाऊस झाला आणि सरासरी ६ हीच बरोबर ठरते! उलट त्या दोन दिवशी भांडेच फुटलेले असेल, तर ६ चूक आणि ७.५ हा त्यातल्या त्यात बरा अंदाज.

आपला मूळ प्रश्न तर पावसाच्या रीतीचा होता. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस होतो त्याला हवामानशास्त्रात पावसाचा दिवस म्हणतात. वरच्या यादीत असे पाच दिवस दिसतात. पण ३१ जर दोन दिवसांत वाटला गेला असेल तर एखादा दिवस वाढेल, आणि ३ जर दीड-दीड असा पडला असेल तर एक कमी होईल. त्यातच ३१ हा एका दिवसाचा म्हणून मोजला, तर एका दिवसात जोराचा पाऊस झाल्याचे दिसते. अशा पन्नास नोंदी जमल्या की 'पाऊस हल्ली एकदम कोसळतो' असा निष्कर्ष निघू शकतो. खरे कारण मात्र एवढेच असेल, की मोजणाऱ्याच्या सुट्ट्या वाढल्या होत्या.

हे पायथनला कळत नाही. ते ज्याने भांडे ओतले त्याला विचारावे लागते. आणि विचारून जे कळले ते प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहावे लागते. संशोधनासाठी पायथन शिकण्याची मधली पायरी आम्हाला इथे दिसते. बाजारात 'इंटरमिजिएट पायथन' या नावाखाली मिळते ते बहुधा आणखी आज्ञा, आणखी क्लृप्त्या, तेच काम कमी ओळींत करण्याच्या युक्त्या असे असते. त्या शिकायला हरकत नाही. पण आपल्याच उत्तरावर संशय कसा घ्यायचा आणि तो कसा फेडायचा हे शिकल्याशिवाय त्या क्लृप्त्यांचा उपयोग चूक लवकर करण्याला होईल.

हवाईतली चूक

हे फक्त नवशिक्यांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. रेणूंची रचना ओळखण्यासाठी लागणारी गणिते करणारे पायथनचे छोटे प्रोग्रॅम २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि रसायनशास्त्रज्ञांनी ते विश्वासाने वापरले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना नील-हरित जिवाणूंतल्या काही संयुगांवर काम करताना विचित्र गोष्ट दिसली. तोच प्रोग्रॅम, त्याच फाइली, पण विंडोज १० वर एक उत्तर १७३.२ येई आणि उबुंटूवर १७२.४.

कारण सापडले ते अगदी क्षुल्लक. प्रोग्रॅम एका कप्प्यातल्या सगळ्या फाइलींची नावे 'ग्लॉब' या साधनाने मागवत होता आणि ती ठरावीक क्रमानेच येतील असे धरून चालला होता. ग्लॉब तसे कोणतेही वचन देत नाही. संगणकाची कार्यप्रणाली नावे ज्या क्रमाने देईल त्या क्रमाने ती येतात. क्रम बदलला की एका फाइलीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडला जाई. दीडशेहून अधिक शोधनिबंधांतली गणिते पुन्हा तपासावी लागतील अशी शक्यता तेव्हा बोलली गेली. उपाय मात्र एका आज्ञेचा होता : नावे आली की ती आधी क्रमाने लावून घ्या.

आपल्या पावसाच्या कामात हेच होऊ शकते. दर वर्षाची एक फाइल आहे, वर्षांची यादी वेगळी लिहिली आहे, आणि फाइली भलत्या क्रमाने आल्या. १९७२ च्या दुष्काळाचे आकडे दुसऱ्याच वर्षाच्या नावावर जातील आणि आलेख तरीही सुबक निघेल. क्रम लावतानाही एक गंमत ध्यानात ठेवावी. संगणक नावे अक्षरांप्रमाणे लावतो, त्यामुळे १, २, १० अशी नावे असतील तर तो १, १०, २ असा क्रम लावतो. म्हणून ०१, ०२, १० असे लिहिण्याची सवय मुलांना पहिल्यापासून लावावी.

तुलनेसाठी एक मालिका

संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी १९९८ साली अमेरिकेत 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' सुरू झाली. तिच्या पायथनच्या पाठात संधिवाताच्या साठ काल्पनिक रुग्णांचे चाळीस दिवसांचे आकडे बारा फाइलींत दिले आहेत. विद्यार्थी आलेख काढतो तेव्हा काही फाइलींतले आकडे संशयास्पद नीटनेटके निघतात. मग तो संशय ओळखणारी अट त्याच्याकडूनच प्रोग्रॅममध्ये लिहून घेतली जाते. फाइलींची नावेही तिथे क्रमाने लावूनच घेतली आहेत. आज्ञा त्याच, पण धडा वेगळा : आकडे आले म्हणजे ते खरे असतीलच असे नाही.

आमची तक्रार एवढीच आहे. मराठी मालिकेत परीक्षेचा पाठ आहे, पण मसाविवर. आकडेवारीचा पाठ आहे, पण लोलकावर. दोन्ही एकत्र येत नाहीत. पावसाची सरासरी काढणाऱ्या फंक्शनला आपण हाताने सोडवलेली दहा दिवसांची यादी देऊन तपासायचे, हे पाऊल शिकणाऱ्याने स्वतःच टाकावे अशी अपेक्षा राहते. एकट्याने शिकणारा ते टाकत नाही.

आणखी एक गोष्ट वयाची. मूळ पाठ पायथन २ मध्ये होते, नंतर ते ३.४.३ मध्ये नव्याने केले गेले. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला आहे, आणि ३.४ चाही २०१९ मध्येच थांबला. जुन्या पाठावर शिकणाऱ्याने एक फरक जरूर जाणावा : ७ भागिले २ हे पायथन २ मध्ये ३ येते, पायथन ३ मध्ये ३.५. जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर तक्रार न करता वेगळे उत्तर देऊ शकतो.

पाठ करणाऱ्यांवर मात्र हा दोष लादणे योग्य होणार नाही. जिथे शिकवायला कोणी नाही तिथल्या लाखो विद्यार्थ्यांना दहा मिनिटांत एक कौशल्य द्यायचे, हे त्यांनी पत्करलेले काम आहे आणि ते त्यांनी चोख केले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या पावसाची वही पवईहून दिसणार नाही. ती आपल्या हाताशी आहे. म्हणून पुढचा धडा आपण लिहायचा.

वर्गात करून पाहा

शाळेच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक ठेवा. मुलांना पाळीने रोज साडेआठला नोंद करायला सांगा. नोंद चुकली तर शून्य लिहू नका. 'नोंद नाही' असे लिहा आणि शेजारी कारण लिहा. मूळ वहीची एक प्रत संगणकावर जशीच्या तशी ठेवा आणि तिला हात लावू नका. दुरुस्त्या प्रोग्रॅमने कराव्यात, म्हणजे काय बदलले ते दिसत राहते. वरची दहा दिवसांची यादी आधी हाताने सोडवा, मग फंक्शनला द्या. उत्तर जुळले तरच चार महिन्यांची फाइल द्या.

शेवटी दोन मुलांना स्वतंत्रपणे प्रोग्रॅम लिहायला लावा आणि उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ती जुळली नाहीत तर त्या तासाला दुसरे काही शिकवू नका. कोणाचे चुकले हे शोधण्याआधी दोघांनी काय काय गृहीत धरले होते ते विचारा. बहुधा एकाने रविवारची नोंद शून्य धरलेली असते.